खांद्याचं अस्तर आटलं तेव्हा: मिरजेतल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकचे पाच महिने

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथं औषधाला येतात. अशा गावात जन्म काढून माझ्या उजव्या खांद्याला नेमकं काय झालंय हे कळायला मला सात महिने लागले. त्यात दोष गावाचा कमी आणि माझा जास्त, ते पुढं येईलच.

मी शिवणकाम करते. लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बाजूला छोटं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींचे परकर-पोलके. एकतीस वर्षं झाली. वय ५३, शुगर नऊ वर्षांपासून. हे सगळं मुद्दाम सांगते, कारण क्लिनिकमध्ये पहिल्या दिवशी हेच विचारलं आणि आधीच्या कुणी विचारलं नव्हतं.

क्लिनिकचं नाव लिहीत नाही. चांगलं लिहिलंय तसं खटकलेलंही लिहिणार आहे, आणि तिथली माणसं रोज समोर भेटतात. शिवाय वाचणारे सगळेच मिरजेचे नसणार. तुमच्या गावात असं ठिकाण निवडताना काय बघायचं, एवढं कळलं तरी पुरे.

दुखणं मागच्या ऑगस्टात सुरू झालं. पडले नाही, आपटले नाही, काही उचललं नाही. नुसतं रात्री उजव्या कुशीवर वळलं की जाग यायची. वाटलं, गौरी-गणपतीच्या शिलाईचा ताण असेल, उतरेल. दिवाळीपर्यंत हात मागं जायचा बंद झाला. बुचडा घालता येईना, पदर खांद्यावर नीट टाकता येईना, फळीवरचा दोऱ्यांचा डबा काढायला स्टूल घ्यायला लागलं. मशीनवर बसून शिवताना मात्र काही नाही, कारण तिथं कोपर अंगाशीच असतं. त्यामुळं घरच्यांना वाटायचं, शिवायला बरा चालतो हिचा हात, भाकरी थापतानाच दुखतो.

मग आपण सगळे करतो ते सगळं केलं. मिठाची पुरचुंडी, ओव्याची पुरचुंडी, निर्गुंडीचा पाला, सासूबाईंच्या पद्धतीनं फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटेचा शेक. शेकानं बरं वाटायचं, हे खोटं नाही. पण ते तासभर. मग एका खेड्यातल्या चोळणाऱ्याकडं गेलो. त्यानं एकाला हात धरायला लावला, दुसऱ्यानं पाठ दाबली आणि त्यानं हिसका मारला. कडकन आवाज आला, तो म्हणाला, "बसला." त्यानंतर तीन रात्री मी भिंतीला टेकून बसून काढल्या. पुढं कुणीतरी वाताच्या पुड्या आणून दिल्या. आठ दिवसांत दुखणं निम्म्यावर आलं आणि मी ज्याला त्याला त्या पुड्यांचं कौतुक सांगत सुटले. फेब्रुवारीत शुगर तपासली तर ३४०. डॉक्टर चिडले. म्हणाले, अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, दुखणं थांबतं ते त्यानं आणि शुगर चढते तीही त्यानंच. माझ्या पुडीत काय होतं ते कुणी तपासलं नाही. पण पुड्या बंद केल्यावर दुखणं परत आलं, ते व्याजासकट.

त्याच दरम्यान दुसऱ्या एका फिजिओथेरपीच्या ठिकाणीही सहा दिवस गेले होते. तिथं एक मुलगा खांद्यावर रबराचे चार पॅड चिकटवायचा, मशीन चालू करायचा आणि मोबाइल घेऊन बसायचा. पंधरा मिनिटं मुंग्या, दहा मिनिटं गरम पॅक, अडीचशे रुपये, या उद्या. सहा दिवसांत माझा हात कुणी वर उचलून बघितला नाही. म्हणून मी ठरवून टाकलं होतं की फिजिओथेरपी म्हणजे शॉक द्यायचं दुकान. हे मत बदलायला पाच महिने आणि जवळपास पंधरा हजार रुपये लागले.

मार्चमध्ये शेवटी हाडाच्या डॉक्टरांकडं गेले. एक्स-रे स्वच्छ. मी म्हटलं, मग दुखतं कशानं? त्यांनी दोन गोष्टी केल्या. आधी म्हणाले, "तुम्ही स्वतः हात वर करा." झाला तेवढा केला. मग म्हणाले, "आता सैल सोडा, मी करतो." तोही तिथंच अडला. मग माझं कोपर कमरेला चिकटवून धरलं आणि मनगट बाहेरच्या बाजूला फिरवायला गेले, दार उघडतो तसं. डावा हात छान उघडला. उजवा फटीएवढा उघडून थांबला. "फ्रोझन शोल्डर," ते म्हणाले. स्नायूला हाडाशी जोडणारी शीर तुटली असती तर पुष्कळदा स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर जातो. इथं दुसऱ्यानं उचलूनही जात नाही, म्हणजे सांधाच आखडलाय. त्याचं आवरण जाड होऊन आक्रसतं. चाळिशी ते साठीत जास्त, बायकांत जास्त, आणि शुगर किंवा थायरॉइड असेल तर आणखी जास्त.

त्यांनी सांध्यात एक इंजेक्शन दिलं. हेही स्टिरॉइडच, पण मोजून, जागेवर आणि सांगून. चार दिवस शुगर वाढेल, तपासत राहा, म्हणाले. दुसऱ्या दिवशी २८६ होती, पाचव्या दिवशी खाली आली. आणि चिठ्ठीवर या क्लिनिकचं नाव लिहून दिलं.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे. पहिला दोष हाच आणि तो मोठा आहे. अरुंद दगडी जिना, सतरा पायऱ्या, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला. माझा खांदा होता म्हणून चढले. पण गुडघ्याचे पेशंट त्या जिन्यावर बसत बसत येताना मी रोज बघितलेत. हाडांच्या रोग्यांसाठी अशी जागा कुणाला सुचली, देव जाणे. भाडं कमी असेल.

आत गेल्यावर मात्र पहिल्याच दिवशी फरक कळला. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. चाळीस मिनिटं नुसती तपासणी आणि प्रश्न. रात्री किती वेळा जाग येते, कोणत्या कुशीवर झोपता, कापायला उभ्या राहता की खाली बसता, टेबलाची उंची किती. मग दोन पट्ट्या जोडलेलं कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं एक साधन काढलं. त्याला गोनिओमीटर म्हणतात. पुढून वर ९५ अंश, बाजूनं ७०, बाहेर फिरवणं १५. निरोगी खांदा पुढून १८० च्या आसपास जातो. कागदावर आकडे लिहिले, तारीख टाकली आणि एक प्रत माझ्या हातात दिली. मी आयुष्यभर लोकांची मापं घेतली. माझं माप असं कुणी घेतलं नव्हतं.

मी विचारलं, "आवरण आक्रसलंय म्हणजे नक्की काय झालंय?" त्यांनी प्लास्टिकचा सांधा दाखवला, पण माझ्या डोक्यात उजेड पडला तो वेगळ्याच गोष्टीनं. अस्तर न भिजवता ब्लाउज शिवला की पहिल्या धुण्यात काय होतं, ते कुठल्याही शिंप्याला विचारा. वरचं कापड तेवढंच राहतं, आतलं अस्तर आटतं आणि मुंड्यात सगळं ओढतं. बाहेरून ब्लाउज अगदी चांगला दिसतो, घालणारीला मात्र हात वर करता येत नाही. मी हे बोलून दाखवलं तर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "काकू, हे मी आता सगळ्यांना सांगणार." खरंच सांगतात. पुढच्या महिन्यात पलीकडच्या पडद्यामागून मला माझंच अस्तर ऐकू आलं.

फरक एवढाच की ब्लाउजचं अस्तर उसवून नवीन लावता येतं. इथं आहे तेच हळूहळू ताणून सैल करायचं.

रोजचा कार्यक्रम असा. आधी गरम पॅक, स्टीलच्या टाकीतून चिमट्यानं काढून तीन पदरी टॉवेलात गुंडाळलेला. माझी शुगर असल्यानं त्या दर दोन मिनिटांनी कातडी बघायच्या, कारण आमच्यासारख्यांना चटका उशिरा कळतो. कधी कधी आयएफटीचं मशीन, म्हणजे तेच मुंग्यांचं. पण ही सगळी तयारी. खरं काम पुढची वीस मिनिटं. मला उताणं झोपवून, एका हातानं खवाट्याचं हाड दाबून धरून दुसऱ्या हातानं त्या दंड हळूहळू उचलायच्या. जिथं अडेल तिथं थांबायच्या. ढकलायच्या नाहीत. दीर्घ श्वास सोडायला सांगायच्या आणि श्वास सुटता सुटता केसभर पुढं न्यायच्या. चोळणाऱ्याच्या हिसक्याची मला इतकी धास्ती होती की पहिल्या आठवड्यात त्यांनी बोट लावलं तरी मी अंग चोरायचे. त्यांनी एकदाही हिसका दिला नाही. म्हणाल्या, जोवर रात्री ठणकतंय तोवर जोरात ताणलं तर सांधा आणखी चिडतो.

त्यांचा एक नियम मला फार पटला. व्यायाम करताना दुखलं तर चालेल, पण ते तासाभरात निवायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखत असेल तर काल तुम्ही जास्त केलंत. मी हुशारी करून पहिल्याच रविवारी दुप्पट व्यायाम केला आणि सोमवारी रडत गेले. ओरडल्या नाहीत, नुसतं कागदावर लिहिलं: "रविवार, जास्त."

घरी करायचे पाच व्यायाम दिले. कापायच्या टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायची आणि पोचलं तिथं पेन्सिलनं खूण करायची. कोपर अंगाशी ठेवून काठीनं हात बाहेर ढकलायचा, हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. टॉवेलचं एक टोक वरून, एक खालून धरून पाठ पुसल्यासारखं करायचं. हा मात्र उशिरा, तिसऱ्या महिन्यात. आणि दाराला लावायची दोरी-पुली. पुली क्लिनिकमध्येच साडेचारशेला विकायला ठेवली आहे. घेऊ नका. माझ्या मुलानं हार्डवेअरच्या दुकानातून कपडे वाळत घालायच्या दोरीची पुली आणली, जुन्या पिशवीचे बंद मुठीला बांधले, सगळं मिळून नव्वद रुपये. मॅडमनाच दाखवली, म्हणाल्या, उत्तम आहे. मग साडेचारशेची ठेवलीय कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

मापाचा नाद मला लागला तो लागलाच. त्या दर पंधरा दिवसांनी अंश मोजायच्या, मी दर रविवारी टेपनं इंच मोजायचे. मान वाकवल्यावर जो मोठा मणका हाताला लागतो, तिथं सूनबाईनं टेपचं टोक धरायचं आणि मी हात पाठीमागून जाईल तेवढा वर न्यायचा. अंगठ्याच्या टोकापर्यंत माप. डाव्या हाताचं ८ इंच. उजव्याचं पहिल्या रविवारी २०, म्हणजे अंगठा जेमतेम कमरेखाली. एप्रिल संपताना १८. मे महिन्यात तीन रविवार एक सूतसुद्धा हललं नाही आणि मी सोडून द्यायला निघाले होते. जूनमध्ये एकदम सुटलं: १६, १५, साडेचौदा. गिऱ्हाइकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर ही मापं लिहिलीत, छाती-कंबर-बाही यांच्या शेजारी.

बाकावर बसून बाकीच्यांचंही कळत जातं. तासगावकडची एक बाई यायची, द्राक्षबागेत विरळणीला जाणारी. मांडवाखाली उभं राहून दिवसभर हात डोक्याच्या वर. तिला मी म्हटलं, तुझंही अस्तरच आटलं असणार. मॅडमनी मला गप्प केलं. तिचा खांदा दुसऱ्यानं उचलला तर पूर्ण वर जात होता, तिचं दुखणं स्नायूच्या शिरेचं होतं आणि व्यायाम अगदी वेगळे होते. म्हणजे माझे व्यायाम बघून शेजारणीनं करायचे नाहीत, हे मला तिथं कळलं. सांगलीच्या हळदीच्या बाजारातले एक हमाल कंबरेला पट्टा बांधून यायचे. त्यांना पोतं उचलणं बंद करा असं कुणी सांगितलं नाही, सांगून उपयोगही नव्हता. उलट कमरेतून न वाकता ढुंगण मागं नेऊन कसं वाकायचं, ते रिकाम्या खोक्यावर रोज दहा वेळा करून घेतलं.

आणि एक निवृत्त मास्तर. गुडघ्यातलं वंगण संपलंय, हे त्यांचं पालुपद. दिवसभर गुडघ्याला कॅप चढवलेली. मॅडम त्यांना गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून दाबायला लावायच्या, दहा मोजेपर्यंत. मास्तर म्हणायचे, "अहो, दुखतो गुडघा आणि तुम्ही मांडीचा व्यायाम देता." त्या म्हणायच्या, "सर, मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. कॅप चालायला घाला, बसल्यावर काढा." तीन महिन्यांनी मास्तर कठडा न धरता जिना उतरताना मी बघितले. चढताना धरतात अजून.

आता खटकलेलं. संध्याकाळी सहा ते आठ जाऊ नका, वेळ दिलेली असूनही अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. दोन कॉटच्या मधला पडदा पूर्ण ओढला जात नाही, चार बोटांची फट राहते. बायकांना खांदा उघडा टाकावा लागतो, तिथं हे चालत नाही. मी दोनदा सांगितलं, मग घरून दोन टाचण्या नेऊन मीच तो पडदा लावला. तिसऱ्या महिन्यात आठवडाभर मॅडम नव्हत्या आणि एक शिकाऊ मुलगा होता. त्यानं कागद न बघता पहिल्या दिवशीचेच व्यायाम परत सुरू केले. मी माझा कागद पुढं केला तेव्हा त्यानं माफी मागितली, पण कागद नसता तर? आणि दहा बैठकांचं पॅकेज आधी पैसे भरून घ्यायचा आग्रह होतो. पहिल्यांदा पाचचं द्या म्हटलं तर नाही म्हणाले.

खर्चाचा हिशेब: तपासणी ५००. एक बैठक ३००, दहा घेतल्या तर २७००. पहिले तीन आठवडे रविवार सोडून रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. एकूण ५३ बैठका, १४,९०० रुपये. विम्यातून काही मिळालं नाही. दुकानदार बाईला ही रक्कम लहान नाही. माझ्या हिशेबानं ती दिवाळीची सगळी जादा शिलाई.

कुणी म्हणेल, फ्रोझन शोल्डर वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचा आपोआप सुटतो, मग एवढे पैसे कशाला? हे मी मॅडमना तोंडावर विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाल्या, पुष्कळांचा सुटतो, पण वेळ फार लागतो, काहींचा थोडा अडकलेलाच राहतो, आणि शुगर असलेल्यांचा जास्त हट्टी असतो. माझा कशानं सुटला, इंजेक्शननं, व्यायामानं, शुगर आटोक्यात आल्यानं की नुसत्या दिवसांनी, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ९.१ होती ती ७.२ वर आली, तेही याच पाच महिन्यांत. पण रात्रीची झोप एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत आली, आणि त्या एका गोष्टीसाठी मी पैसे दिले असते.

परवाचं माप: पुढून १५५ अंश, बाजूनं १४०, बाहेर ५५. माझ्या टेपवर साडेअकरा इंच. बुचडा मी घालते. मागच्या हुकाच्या ब्लाउजचे खालचे दोन हूक लागतात, वरचे दोन सूनबाई लावते. डावा खांदाही पुढं कधीतरी धरू शकतो, असं सांगून ठेवलंय, म्हणून काठीचा व्यायाम दोन्ही हातांनी चालू आहे.

पाचपैकी चार गुण. एक जिन्यासाठी कापला. पडद्याचा कापणार होते, पण टाचण्या अजून टिकून आहेत.

जाणार असाल तर सकाळी साडेदहाला जा, गर्दी नसते. जुने एक्स-रे आणि शुगरचे रिपोर्ट न्या, स्वतःचा टॉवेल न्या. बायकांनी ब्लाउजचा विचार आधी करा. अंगाबरोबरचा ब्लाउज त्या खांद्यावरून सरकत नाही आणि काढताना जीव जातो. मी दुसऱ्याच आठवड्यात जुन्या सुती कापडाचा एक शिवला: पुढून हूक, मुंडा अर्धा इंच सैल, आणि उजव्या खांद्यावर शिवणीऐवजी तीन टिचबटणं. बटणं काढली की तेवढाच खांदा मोकळा होतो, बाकी अंग झाकलेलं राहतं. तासगावच्या बाईनं तो बघितला, मग मास्तरांच्या बायकोनं. आतापर्यंत चार शिवून झालेत. शिलाई दोनशे, अस्तर नाही.